गोदूच्या मापाचा झगा

शहापूर,
शनिवार, २५ नोव्हेंबर १९६१

प्रिय रंगूताई,

मागच्या पत्रात मी गोदूची छाती तीस इंच लिहिली होती. ती चूक आहे. आज पुन्हा माप घेतलं तर साडेअठ्ठावीस भरली. ते पहिलं माप दिवाळीच्या आधीचं, कर्णिकबाई मागे उभ्या होत्या आणि मी घाईत घेतलं होतं. तिसावर कागदी बेत काढून तू मला पाठवशील आणि तुझी मेहनत वाया जाईल, म्हणून आधी हे लिहिते.

सगळं पहिल्यापासून सांगते, मागच्या पत्रात मी धांदलीत अर्धंच लिहिलं होतं. तुझी बहीण गोदू यंदाच्या स्नेहसंमेलनात मुख्य काम करते आहे. नाटक आमच्या शाळेतल्या कर्णिकबाईंनी स्वतः लिहिलंय. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात चारशे वर्षांपूर्वी एक सरदार होता, त्याची मुलगी चित्रकारापुढे बसते आणि काही ना काही कारण काढून ते चित्र पुरं होऊ देत नाही, अशी गोष्ट आहे. दहावीत गोदूइतकं पाठांतर कुणाचं नाही, म्हणून काम तिला. शिवण मी शिकवते, म्हणून झगा मला. माझी नेमणूक एप्रिलपर्यंतचीच आहे हे तुला ठाऊक आहे. संमेलनाला संस्थेचे अध्यक्ष येणार. "गिरजाबाई, झगा बघून त्यांनी तुमचं नाव विचारलं पाहिजे," असं कर्णिकबाई म्हणाल्या. चांगल्या मनानेच म्हणाल्या. पण तेव्हापासून मला जेवण जात नाही.

त्यांच्याकडे एका पुस्तकात रंगीत चित्र आहे. त्यातल्या बाईचा झगा असा: गळा चौकोनी, कंबर छातीच्या लगेच खाली, तिथून घेर थेट जमिनीपर्यंत. पुढून नाडीने आवळलेला. बाह्या अंगाला शिवलेल्याच नाहीत, खांद्याला फितींनी बांधल्यात, आणि मधल्या फटींतून आतल्या पांढऱ्या सदऱ्याचे फुगे बाहेर ओढलेत. असा नमुना विकत कुठे मिळणार? कर्णिकबाईंच्या बहिणीने मुंबईहून एक पाकीट पाठवलंय, ते हल्लीच्या मडमांच्या पार्टी-फ्रॉकचं. आत पातळ कागदाचे कापलेले तुकडे. त्यातलं सगळ्यात लहान माप बत्तीस छातीचं.

मी फ्रॉकचा कागद घेऊन कंबर चार इंच वर उचलली, घेर जमिनीपर्यंत लांबवला, गोल गळा चौकोनी केला, पाठीची चेन काढून पुढे नाडी धरली आणि बाह्या मुंढ्यापासून सुट्या केल्या. बत्तीसमधून गोदूचं माप वजा करून फरक चारही तुकड्यांत सारखा वाटला. मग मांजरपाटावर कापून टाचून बघितलं. रंगूताई, ते अंगावर धरून ठेवावं लागत होतं. वर्गातल्या मुली हसत सुटल्या. एक म्हणाली, "गोदू, आत आणखी कोण हाय गो?" गोदू म्हणाली, "मावशी हाय. तिला तिकीट नाय लागत." सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले, आणि टाचण्या काढायला लागले.

मनात येतं की पाकिटातला कागदच चुकीचा असेल. पण आमच्या घरात छापलेलं वाचणारी मीच पहिली. बाबा अजून एसटीचं तिकीटसुद्धा घडी घालून जपून ठेवतात. छापलेलं चुकलं असं माझ्या तोंडून निघत नाही. म्हणजे चूक माझ्या हाताची आहे. कुठे ते मला सांग. साटीन एकदाच मिळणार आहे.

तुझी
गिरजा


मुरबाड,
शनिवार, २ डिसेंबर १९६१

गिरजे,

तुझं पत्र मी सासूबाईंच्या समोरच उघडलं. छाती, गळा, मुंढा, कापलं, टाचलं, एवढं त्यांच्या कानावर गेलं तर म्हणतात, "ही तुझी मैत्रीण मास्तरीण हाय का खाटीक?" मी म्हटलं, मास्तरीण हाय, पण घाबरट.

अगो, तुझा घोळ कुठे झाला ते मला बसल्या जागी कळलं. आपण कल्याणच्या शिवणवर्गात काय शिकलो? कागदावर नुसतं माप बेतायचं आणि कापड कापताना बाहेरून शिवणीत जाणारी अर्धा इंच माया सोडायची. विलायती पाकिटातल्या कागदात ती माया आधीच धरलेली असते. मागे बारीक इंग्रजी अक्षरं असतील, ती कर्णिकबाईंकडून वाचून घे. तू सवयीने वर आणखी माया सोडलीस. चार शिवणी, दोन्ही कडा, म्हणजे चार इंच जास्तीचे. त्यात मावशी मावेल नायतर काय होईल? कागद बरोबर, तुझं गणितपण बरोबर, नुसती सवय आडवी आली. आता रडू नको. मांजरपाट उसव, कडेने अर्धा अर्धा इंच छाट आणि परत टाच.

गळ्याला आणि कंबरेच्या पट्टीला जरीची फीत विकत घेऊ नको. माझ्याकडे जुन्या खणाचे काठ हायत, ते या पत्राबरोबर पाठवते. लांबून फ्लॉरेन्सवाल्यांनाही कळायचं नाय.

आता माझं ऐक. गोदूला चांगली दिसू दे. सासूबाईंच्या माहेरचं स्थळ हाय, धसईचं. मुलगा पोस्टात चिकटलाय. माणसं बरी हायत. गोदू राहते मामांकडे, त्यांना तिथे उघड बघायला बोलावलं तर मामा-मामी दहा नखरे करतील, म्हणून आमी ठरवलंय की ती माणसं संमेलनाला येतील आणि नाटकात बघतील. फेब्रुवारीत ती अष्टग्रही येतेय ना, आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार म्हणे. इथे तर बाजारात रोज कुणीतरी पंचांग उघडून बसलेलं असतं. धसईवाल्यांना त्याच्या आधी शब्द पक्का करायचाय. म्हणजे जग बुडालं तरी लग्न ठरलेलं असेल!

गोदू मूळचीच सडपातळ. आमच्या घरात सगळ्याच तशा. त्याची काळजी करू नको.

तुझी
रंगू


शहापूर,
बुधवार, १३ डिसेंबर १९६१

प्रिय रंगूताई,

तू सांगितलंस तेच निघालं. कर्णिकबाईंनी पाकिटाच्या मागचं वाचून दाखवलं, माया आत धरलेलीच होती. मांजरपाट छाटून परत टाचला आणि मागच्या आठवड्यात गोदूच्या अंगावर घातला. असा बसला की मी तिच्याभोवती दोनदा फिरून बघितलं. सुरकुती नाही, फुगा नाही. मला एकदम मोकळं वाटलं. त्याच दिवशी त्यावरून साटीन कापलं, गडद लाल. आतल्या सदऱ्याला बाबांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर घेतलं. बाह्यांच्या फटींतून ते बाहेर ओढलं तर खरंच चित्रातल्यासारखे पांढरे फुगे आले. खणाचे काठ गळ्याला लावले. कर्णिकबाई म्हणाल्या, "हे काय अफलातून सुचलंय तुम्हाला!" मी सांगितलं की मला नाही, मुरबाडच्या रंगूबाईंना सुचलंय.

आज साटीन अंगावर घातलं. छातीला दीड इंच सैल.

मी नाडी आवळली तर पुढची दोन्ही पानं एकमेकांवर चढली. नाडीच्या झग्याला पानांत बोटभर फट राहायला हवी, तीच शोभा. मी शिवणी आत घेतल्या. काखेत चुण्या पडल्या. परत उसवलं. कर्णिकबाई म्हणाल्या, "गिरजाबाई, सारखं उसवाल तर साटीनला भोकं राहतील." ती राहिलीच आहेत. सुईची बारीक रांग काखेखाली दिसते.

गोदू बिचारी हात वर करून उभी राहते. आज मध्येच म्हणाली, "बाई, हात खाली घेऊ का?" आणि खाली बसली. तिला धुराचा खोकला झालाय, मामीची चूल पडवीत आहे आणि सकाळचा स्वयंपाक गोदूच करते. तालमीनंतर मी सामान आवरून आले तर ती मांजरपाटाच्या गाठोड्यावर डोकं टेकून झोपली होती. पाठांतराची जागरणं असतील.

साटीन कापताना मी आडवं-उभं चुकले असेन का? कापड तिरकं धरलं गेलं तर ताणतं असं आपल्याला शिकवलं होतं. मी उभंच धरलं होतं असं मला वाटतं, पण आता खात्री देववत नाही. संमेलन वीस जानेवारीला आहे.

तुझी
गिरजा


मुरबाड,
बुधवार, २० डिसेंबर १९६१

गिरजे,

काल इथे बाजारात फटाके वाजले, गोवा मोकळा झाला म्हणून. शाळेची पोरं झेंडे घेऊन फिरली. सासूबाई विचारतात, तुझ्या मैत्रिणीच्या नाटकातली बाई पोर्तुगीज तर नाय ना? मी म्हटलं इटलीची हाय. तर म्हणतात, मग चालेल.

साटीन ताणतंच. त्यात नवल काय? ते उभं कापलं तरी ताणतं. तू असं कर. झगा खांद्यांवरून दोन दिवस टांगून ठेव, ताणायचा तेवढा ताणू दे. मग छातीच्या पानांना आतून कॅनव्हास लाव, कोटाच्या कॉलरला लावतो तो. कॅनव्हास आधी पाण्यात भिजवून वाळव, नायतर नंतर आटेल. मग मांजरपाटाचं अस्तर. अस्तर नेमकं मापाला बेत आणि साटीन त्याच्यावर बसव, साटीनच्या मापाला अस्तर बेतू नको. शिवणी काखेतून घेऊ नको, पुढच्या नाडीच्या कडेने घे. तिथली भोकं नाडीखाली झाकतात. बाह्यांच्या फिती जरा लांब ठेव. सुईचा नंबर बदल. साटीनला बारीक सुई लागते.

माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालतेस ना? तुझी बोटं बारीक हायत, म्हणून कमी भरत असेल. एवढंच असणार.

एक विचारते. मामीला विचारू नको, गोदूलाच विचार, आणि एकटीला विचार. संध्याकाळी तिला कणकण येते का? झोपेत घाम येऊन अंथरूण ओलं होतं का? सहज विचारतेय. थंडीचे दिवस हायत म्हणून.

रंगू


शहापूर,
बुधवार, २७ डिसेंबर १९६१

प्रिय रंगूताई,

तू लिहिलंस ते सगळं केलं. झगा दोन दिवस टांगला, कॅनव्हास भिजवून वाळवून लावला. अस्तर कापायच्या आधी मला एक शंका आली, म्हणून मी जुना मांजरपाटाचा नमुना गोदूला परत घातला. तोच, जो महिना सुरू झाला तेव्हा तिला अगदी बरोबर बसला होता. तो मी त्यानंतर धुतलेला नाही, उसवलेला नाही.

तोही सैल आहे. मांजरपाट ताणत नाही, रंगूताई.

मी टेप बाजूला ठेवली. इतके दिवस मी कापडाकडेच बघत होते. चौकोनी गळ्याच्या वर तिची हाडं अशी दिसतात की त्यांच्यामागे पाणी साठेल. माझ्या हाताखाली तिची पाठ गरम होती.

तू विचारायला सांगितलं होतंस ते विचारलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "हे ताईने विचारायला सांगितलं?" मी हो म्हटलं, मला खोटं बोलता येईना. त्यावर ती बराच वेळ बाहीच्या फितीला गाठ मारत आणि सोडत बसली. मग म्हणाली, "ताईला लिहा, नाय म्हणून." मी विचारलं, "पण खरं काय?" तर म्हणाली, "बाई, हा झगा मला एकदा घालू द्या. मग काय ते बघू."

मी रविवारी तुझ्या मामांकडे गेले. मामा बाहेर गेले होते. मामी धान्य पाखडत होत्या. मी म्हटलं, गोदू वाळलीय. त्या म्हणाल्या, "आमी काय उपाशी ठेवतो काय तिला? खाते ती. अंगाला लागत नाय त्याला आमी काय करू? शाळा, नाटकं, गाणी, आणि लोकं येऊन आमालाच इचारतात." मी खाली मान घालून ऐकलं. निघताना पाहिलं तर गोदूचं ताट आणि पेला वेगळा, घरातल्या भांड्यांत नाही, बाहेर पडवीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. अंथरूणही तिथेच. नणंदेच्या मुलीला कुणी असं वागवतं का? मला रडू आलं, पण तिथे बोलायची माझी काय जागा? मी तिची कुणी नाही. मी शिवणाच्या बाई, त्याही एप्रिलपर्यंतच्या.

तिला त्या घरातून काढून काही दिवस तुझ्याकडे किंवा वडलांकडे नेता येईल का? पोटभर खाल्लं, झोपली, तर भरून येईल. आणि मला सांग, तू ते घामाचं का विचारलंस?

तुझी
गिरजा


मुरबाड,
सोमवार, १ जानेवारी १९६२

गिरजे,

मामीला बोल लावू नको. तिने ताट वेगळं केलं, त्यावरून तिला कळलंय एवढं मला समजलं. कळूनही तिने गोदूला हाकलून दिलं नाय, घरात ठेवलंय, हे तिचे उपकार. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. माझंही तू घाल.

आई अशीच गेली. आधी चोळ्या सैल झाल्या. मीच त्या आत घ्यायची. तेव्हा मी शिवणाला नुकती लागले होते, मला वाटायचं माझी शिवणच ढिली पडते. संध्याकाळी कणकण, झोपेत घाम, मग खोकला. बाबांनी सगळ्यांना मुदतीचा ताप म्हणून सांगितलं. ठाण्याला नेलं असतं तर इंजेक्शनं होती, तेव्हासुद्धा होती. पण नेलं असतं तर गावाला कळलं असतं, आणि माझं लग्न ठरत होतं. आईच म्हणाली, मला नेऊ नका. माझ्या सासूबाईंनी बैठकीत विचारलं होतं, घरात कुणाला काही रोग? बाबा नाय म्हणाले. त्या शब्दावर मी या घरात आले.

तुझं साडेअठ्ठावीसचं पत्र आलं, तेव्हाच मला आईच्या चोळ्या आठवल्या होत्या. मी तुला मायेचं गणित लिहिलं. ते खरंही होतं. मला वाटलं तेवढंच असेल. मग साटीनचं लिहिलं. गिरजे, मला अजून वाटतं की तुझीच कुठेतरी चूक निघावी.

मी येऊ शकत नाय. मधेच उठून शहापूरला निघाले तर इथे विचारतील कशाला, आणि माझा चेहरा मला लपवता येत नाय. गोदूला इथे आणू शकत नाय, माझी दोन पोरं या घरात हायत. बाबांना लिहिलं तर ते तुळशीपुढे बसून राहतील, दुसरं काही करणार नायत.

म्हणून मी सांगते ते कर. तू ते करू शकतेस. अस्तर आणि कॅनव्हासच्या मधे कापसाचा पातळ थर दे, छातीला आणि पाठीला. रजईला घालतो तसा पिंजून, आणि वरून धावदोरा, म्हणजे गोळा होणार नाय. गळा दोन बोटं वर घे, खणाच्या काठाने हाडं झाकतील. बाह्या तर सुट्याच हायत, आतल्या सदऱ्याला दुहेरी कापड घाल, दंड भरलेले दिसतील. तोंडाला थोडी लाली. धसईवाले लांब बसतील. वीस तारखेला त्यांनी एकदा हो म्हटलं की अष्टग्रहीच्या आधी साखरपुडा. पुढे तिचं घर तिला डॉक्टरकडे नेईल. मुलगा पोस्टात हाय, त्याला सवलत मिळत असेल. बाहेर कळलं तर तिला कुणी दारात उभं करणार नाय, आणि मला इथून काढतील.

मी तुझ्या पाया पडते. एवढं शिव.

रंगू


शहापूर,
गुरुवार, ४ जानेवारी १९६२

प्रिय रंगूताई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. ते चुलीत घातलं.

तू सांगितलंस तसं मी शिवलं. पत्र हातात पडल्यावर मी विचार केला नाही, कापूस आणला, पिंजला, थर दिला, धावदोरा घातला. आज शाळा सुटेपर्यंत झालं. हात भराभर चालत होते. नेमकं काय करायचं ते कुणीतरी सांगितलं की मला बरं वाटतं, मी लहानपणापासून अशीच आहे. गळा वर घेतला. बाह्यांना दुहेरी कापड घातलं.

तालमीच्या आधी गोदूला झगा घातला. रंगूताई, तो इतका सुंदर दिसतो की मला सांगता येत नाही. लाल साटीन, गळ्याला तुझ्या खणाचा काठ, खांद्यावर फितींच्या गाठी आणि मधून पांढरे फुगे. वर्गातल्या मुली भोवती जमल्या. मग, आत आणखी कोण आहे म्हणून विचारणाऱ्या त्याच मुलीने म्हटलं, "गोदे, तू खात्यापित्या घरची दिसतेस गो!" कर्णिकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "गिरजाबाई, आता अध्यक्ष नुसतं नाव विचारून थांबायचे नाहीत," त्या म्हणाल्या. धसईची माणसं हो म्हणतील. त्यांनी हो म्हणावं असाच तो झाला आहे. कुणालाही काही दिसणार नाही. अगदी शेजारी उभं राहिलं तरी दिसणार नाही.

तालमीत तिला दुसऱ्या प्रवेशातलं मोठं भाषण पुरं करता आलं नाही. अर्ध्यावर दम लागला. पाठ आहे सगळं, नुसता श्वास पुरत नाही. कर्णिकबाईंना वाटलं नाडी घट्ट झाली, त्या मला रागावल्या. मी नाडी सैल केली. ती सैलच होती.

नंतर खोलीत आम्ही दोघीच होतो. मी झगा उतरवून टेबलावर ठेवला. कॅनव्हास आणि कापूस असल्यामुळे तो आडवा पडला नाही, छाती काढून तसाच उभा राहिला. गोदू शेजारच्या बाकावर बसली होती, परकर-पोलक्यात, झग्याच्या निम्मी. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाई, याला माझी गरजच नाय." आणि हसली, आणि हसता हसता खोकली, आणि मग किती तरी वेळ खोकतच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

तेव्हा मला कळलं की मी काय शिवलं आहे.

मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, कदाचित तितकं धीराने लिहिताही आलं नसतं. पण त्या वर्गात तालमीला एवढ्या मुली रोज तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलतात. त्या लहान आहेत. आणि लग्नानंतर कोण तिला नेईल? ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो कसा नेईल? आणि समज त्याने नेलं, तोवर किती उशीर झालेला असेल? तू चोळ्या किती वेळा आत घेतल्या होत्यास, मला माहीत नाही. मी झगा आतापर्यंत चारदा आत घेतला आहे. पाचव्यांदा घ्यायला मला जमणार नाही.

संध्याकाळी मी इथल्या पोस्टाशेजारच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. माझी चुलत बहीण आहे असं सांगून विचारलं. ते खोटं होतं आणि ते मला टोचतं आहे. ते म्हणाले, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी छातीचा फोटो काढतात, सकाळी लवकर पोचलं पाहिजे. ते म्हणाले, आता हा रोग बरा होतो, फक्त वेळेवर जावं लागतं आणि वर्ष-दीड वर्ष औषध सोडून चालत नाही. मी विचारलं, वेळ गेली आहे हे कसं कळतं? ते म्हणाले, फोटोत कळतं.

फोटोत काय निघेल आणि निघाल्यावर तिला कुठे ठेवायचं, औषध कोण देणार, मामा काय म्हणतील, यातलं मला काहीच माहीत नाही. स्थळ जाईल. तुझ्या घरी कळेल. माझ्या नेमणुकीचं काय व्हायचं ते होईल, त्याचा मी विचार करायचं थांबवलं आहे, पण तुझा थांबवता येत नाही. डॉक्टरांकडून परतल्यापासून मी वाट शोधते आहे की तुला धक्का न लागता हे कसं होईल. मला ती सापडलेली नाही. सापडली असती तर मी आधी तीच लिहिली असती.

मामीला सांगितलं की झग्यासाठी ठाण्याहून फिती आणायच्या आहेत, गोदूला बरोबर नेते, रंग तिच्या अंगावर धरून बघायचा आहे. त्या म्हणाल्या, "न्या की. येताना तिला उन्हातून आणू नका." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. फिती मी खरंच घेणार आहे, म्हणजे निदान तेवढं तरी खोटं ठरणार नाही. गोदूला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "मंगळवारी तर तालीम हाय, बाई." मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, "ताई रागवेल." मी म्हटलं, हो, रागवेल. पण नाही असं ती म्हणाली नाही.

तुला हे कळवल्याशिवाय करणं मला बरोबर वाटत नाही. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. तू मला थांबवायला आलीस तर सोमवारी संध्याकाळपर्यंत ये, मी शाळेतच असेन, तुझं सगळं ऐकून घेईन. तू बरोबर यायला आलीस तर आसनगावला सकाळच्या पहिल्या गाडीवर ये, आम्ही फलाटावर असू. आणि तू आली नाहीस, तुला येता आलं नाही, तरीही मी मंगळवारी, नऊ जानेवारीला, गोदूला घेऊन ठाण्याला जाणार आहे.

तुझी
गिरजा